लाजरीचं बोळकं

लग्नाच्या मांडवात आहेर पुकारणारा माणूस आत्याला घाबरायचा. "नवरीच्या मामांकडून पितळी घागर," "नवरीच्या काकांकडून मनगटी घड्याळ," असं जोरात चाललेलं असायचं, आणि आत्या पदराखाली काहीतरी धरून उठली की तो माईक हाताने झाकायचा, खाली वाकायचा आणि विचारायचा, "आत्या, ह्या टायमाला तरी दुसरं कायतरी?" आत्या मान हलवायची. मग बिचाऱ्याला पुकारावंच लागायचं: "नवरीच्या आत्याकडून एक बोळकं. आत ज्वारी." मांडव हसायचा, नवरीची आई रडायची आणि आत्या शांतपणे जेवायला बसायची.

म्हणून तिचं नाव पडलं बोळकेआत्या. मोरगावपासून थोडं आत एका वाडीवर ती राहायची. ती कुणाची सख्खी आत्या, कुणाची चुलत आत्या हे शोधण्यात अर्थ नव्हता, कारण बारामती आणि इंदापूर तालुक्यांत तिचं नातं निघणार नाही असं गाव नव्हतं. त्या बोळक्यात दोन मुठी ज्वारी असायची. तिच्यावर चुलीतली चाळलेली राख आणि लिंबाचा वाळलेला पाला. तोंडाला फडकं आणि वरून शेण-मातीचा लिंपा. ज्वारीचं नाव लाजरी. हिचं कणीस पिकत आलं की नव्या सुनेसारखं मान खाली घालतं, त्यामुळे पाखराला त्यावर बसताच येत नाही. दोन पाऊस कमी पडले तरी भाकरीपुरतं देते. अशी ज्वारी दुकानात मिळत नाही. दुकानात मिळतं ते पुडीतलं बी. ते एक वर्ष झकास येतं आणि त्याचंच बी राखून दुसऱ्या वर्षी पेरलं तर शेतात ज्वारीचं एक ताट खांद्याएवढं आणि एक गुडघ्याएवढं. म्हणजे परत दुकान. हे मी इथे शांतपणे लिहिते आहे, पण त्या काळात हे सांगताना माझा आवाज फाटायचा.

मी तेव्हा बारामतीच्या एका छोट्या संघटनेत काम करत होते. काम म्हणजे मोपेडवरून गावोगाव जायचं, पत्रकं वाटायची आणि चिडायचं. पत्रकावर ठळक अक्षरात होतं: "बियाणे गेले की शेती गेली. शेतकऱ्या, जागा हो." पहिल्यांदा गेले तेव्हा आत्याने पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं, बोटांनी चुरगाळून पाहिलं आणि म्हणाली, "कागद बरा हाय. जाड हाय. अजून हायत का?" मला धन्य वाटलं. मी पन्नास दिली. पुढच्या फेरीला पाहिलं तर पन्नास बोळक्यांची तोंडं माझ्या पत्रकांनी बांधलेली, त्यावर लिंपा. संघटनेचं एवढं साहित्य एवढ्या घट्टपणे कुठल्याच घरात पोचलं नव्हतं.

तिच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. सासरा कळप घेऊन आठ-आठ महिने बाहेर असायचा, तेव्हा बी घरात ठेवून चालायचं नाही. ते वाटेवरच्या नातेवाइकांकडे थोडं थोडं ठेवायचं. एका घराला आग लागली, एका घरात उंदीर झाले, तरी तिसऱ्या घरात सापडायचं. मेंढरं गेली, शेती आली, पण आत्याने रीत सोडली नाही. फक्त नातेवाईक आता ठेवून घ्यायला तयार नव्हते, म्हणून तिने लग्नं धरली. आहेराला कुणी नको म्हणू शकत नाही. "समदी मेंढरं एका जागी कोंडू न्हाईत," ती म्हणायची. "लांडग्याला एकच फेरा लागतोय."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. समजून घेतलं असतं तर पुढचं टळलं असतं.

कारण आमची भूमिका स्पष्ट होती: बियाणं शास्त्रीय पद्धतीने, एका ठिकाणी जतन झालं पाहिजे. म्हणजे गावाची बियाणे बँक. वाडीवर सोसायटीची एक खोली रिकामी होती. आम्ही ती चुन्याने रंगवली, फळ्या ठोकल्या, काचेच्या बरण्या मांडल्या, बरण्यांवर सुवाच्य चिठ्ठ्या लावल्या. मटकी, हुलगा, बाजरी, करडई आली. लाजरी येईना. आदल्या दोन वर्षांत पाऊस नीट नव्हता आणि लग्नाघरची माणसं "आत्या, या, पण हात हलवत या" असं आधीच सांगायला लागली होती, त्यामुळे घरातली बोळकीही फोडून असेल नसेल ती सगळी लाजरी आत्याच्या घरातल्या एका मडक्यात होती. मी आठ दिवस तिच्या ओट्यावर बसून भांडले. तुमच्या घरात ओल आहे, उंदीर आहेत, तुमचं वय झालंय, हे सगळं बोलले. नवव्या दिवशी ती म्हणाली, "तू येवढी भांडतीस म्हंजे त्यात कायतरी खरं असंल. ने."

मी मडकं नेलं. ज्वारी चाळली, राख उडवली, पाला वेचून टाकला, फडक्याने दाणा न् दाणा पुसला आणि चार बरण्या भरल्या. मोत्यासारखी दिसत होती. आत्या दारात उभी राहून बघत होती. "लई उघडी दिसती गं," एवढंच म्हणाली.

उद्घाटनाला पुण्याहून एक मोठे शास्त्रज्ञ आले. हस्त नक्षत्रातली पेरणी तीन आठवड्यांवर होती आणि त्या वर्षी लाजरी पाच घरांत पेरायची असं ठरलं होतं. साहेबांनी फीत कापली, बरण्या पाहिल्या, लाजरीची बरणी उजेडात धरली आणि सहज म्हणाले, "वा. हिची भाकरी काय सुंदर होत असेल."

ते सहज म्हणाले. पण शेजारी सरपंच होते. आमच्याकडे पाहुणा ताटातल्या पदार्थाकडे नुसता बघतो, तेवढ्यावर यजमान उठतो. इथे तर पाहुणा बोलला होता. पाहुण्याच्या तोंडून निघालेला घास त्याला मिळाला नाही तर गावाची अब्रू काय राहिली? सरपंच हळूच मागे सरकले.

मी भाषणाला उभी राहिले. विषय होता "एकही दाणा वाया जाऊ देणार नाही". पाचेक मिनिटांत शेजारची गिरणी सुरू झाली. पुक पुक पुक. मी आवाज चढवला. गिरणीनेही चढवला. मी माईकवरून म्हणाले, "ती गिरणी कुणी तरी बंद करा, इथे बियाण्यासारखा गंभीर विषय चालला आहे." कुणी हललं नाही. पहिल्या रांगेत आत्या बसली होती. ती नाक वर करून हवा हुंगत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पोरी, खाली बस. झालं आता."

मी मागे वळून पाहिलं. फळीवर चारही बरण्या होत्या. झाकणं शेजारी नीट ठेवलेली होती.

साहेबांनी भरलेल्या वांग्याबरोबर चार भाकरी खाल्ल्या. सरपंचांनी, गटविकास अधिकाऱ्यांनी आणि साहेबांच्या ड्रायव्हरनेही खाल्ल्या. कुणाला काही ठाऊक नव्हतं आणि सरपंचांना ठाऊक असूनही कळलं नव्हतं; ते वाढताना आग्रह करत होते, "घ्या की साहेब, आपल्या बँकेतलीच हाय." साहेबांनी जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: "ही जात कोणत्याही परिस्थितीत टिकली पाहिजे."

मी सरपंचांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते खरोखर गोंधळले होते. "ताई, बी म्हंजे ज्वारीच की," ते म्हणत राहिले. "आन् पावन्याला न्हाय म्हनायचं व्हतं का?" मग मी रिकाम्या बरण्यांसमोर बसून रडले. आत्या माझ्याजवळ आली. तिला राग यायला हवा होता, मला तिचा राग हवा होता. ती म्हणाली, "राखंत व्हती तवा कुनाच्या तोंडाला पानी सुटलं न्हाय. तुला वाटलं राख किड्यासाठी असती. राख मानसासाठी असती."

मग तिने पदर खोचला. "गाडी काढ," म्हणाली. "पोरीस्नी बोळकी दिल्याती. एकीनं तरी ठेवलं असंल."

आत्या मोपेडवर उलटी बसायची. म्हणजे माझ्या पाठीला पाठ लावून, तोंड मागे, लुगड्याचा काष्टा घट्ट करून, दोन्ही पाय दोन बाजूंना. जाताना मागचा रस्ता बघत गेलं की येताना तो ओळखीचा दिसतो, असं तिचं म्हणणं. बारामतीच्या चौकात हवालदाराने अडवलं. तो बराच वेळ आमच्याभोवती फिरला. कुठल्या कलमाखाली घ्यावं त्याला सुचेना. "आजी, हे काय बसनं झालं?" त्याने विचारलं. आत्या म्हणाली, "म्होरं ती बघती, मागं मी बघती. अजून काय पायजे तुमाला?" त्याने सोडलं.

आधी गेलो कन्हेरीला. तिथल्या भाचीने पाणी दिलं, चहा दिला, आणि बोळक्याचं विचारल्यावर पदराशी खेळत म्हणाली, "आत्या, कोंबड्या लई खूश झाल्या बगा." मग कोऱ्हाळे बुद्रुकला. तिथे चहूकडे ऊस. ज्वारीचं नाव काढल्यावर घरातली माणसं अशी बघायला लागली की जणू आम्ही जात्यावरची ओवी विचारायला आलोय. बोळकं होतं, पण त्यात आता कुंकू ठेवलेलं. ज्वारी सासूने घरच्या ज्वारीत ओतली होती. मी तोंड उघडणार, एवढ्यात आत्याने विचारलं, "भाकरी ग्वाड लागली का?" सून म्हणाली, "लई." आत्या म्हणाली, "मग झालं." आणि उठली. रस्त्यावर आल्यावर मात्र ती बराच वेळ गाडीवर बसली नाही. काठीने नुसती मातीवर रेघा ओढत राहिली.

अशी अकरा घरं झाली. शेवटचं राहिलं सुमनचं, इंदापूर तालुक्यातलं. आत्या तिथे जायला तयार नव्हती. "सहा वर्सं झाली, ती माझ्याशी बोलत न्हाय. लगीन लागलं त्या दिसापासनं."

सुमनच्या सासरी कालव्याचं पाणी, डाळिंबाची बाग, घरात रंगीत टीव्ही. सुमनने आम्हाला दारात पाहिलं आणि तशीच आत गेली. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला, मग आतलं लॉकर उघडल्याचा. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बोळकं होतं. लिंपा जसाच्या तसा. एक चीरसुद्धा नाही.

"ह्येच ना?" सुमन म्हणाली. "ठिवलंय. पुरावा म्हनून ठिवलंय. माझ्या जावंला तिच्या आत्यानं चांदीचं पैंजन घातलं. आन् मला ह्ये. सहा वर्सं सासूबाईंचं ऐकून घेते मी. ज्या दिशी तू दारात येशील त्या दिशी समद्यांम्होरं तुझ्याच हातात द्यायचं, असं ठरिवलं व्हतं."

"मग दे की," आत्या म्हणाली. तिचे हात आपोआप पुढे झाले होते.

तिथेच आत्याचं चुकलं. सुमनने तिच्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोळकं छातीशी धरलं. "आसं हाय व्हय," ती म्हणाली. "गरज तुला हाय. मग आदी माझा आहेर."

मी मध्ये पडले. जैवविविधतेवर बोलले, परदेशी कंपन्यांवर बोलले, "एका व्यक्तीच्या रुसव्यापायी एक जात नष्ट होऊ देणार का" असंही विचारलं. सुमन म्हणाली, "ताई, तुमी चा घ्या." आणि आत्याला म्हणाली, "साडी पायजे. मोरपंखी. आन् माईकवर पुकारून."

मी इंदापूरच्या बाजारात जाऊन मोरपंखी साडी घेऊन आले. माईक घरातच होता, कारण सुमनचे यजमान गणपती मंडळाचे अध्यक्ष आणि विसर्जनानंतरचा कर्णा त्यांच्या पडवीत पडलेला. अंगणात दोन पाट मांडले. सहा वर्षांच्या संसारानंतर नवरा-बायको पाटावर बसली, मांडीवर एक पोर, शेजारी एक पोर. यजमानांनाच पुकारायचं होतं, म्हणून ते पाटावर बसूनच माईकमध्ये म्हणाले, "नवरीच्या आत्याकडून एक साडी. रंग मोरपंखी."

"परत म्हना," सुमन म्हणाली. "वरच्या आळीला ऐकू गेलं नसंल."

तीनदा पुकारा झाला. वरच्या आळीतली माणसं कुंपणाशी गोळा झाली. कुणाचं लग्न आहे ते त्यांना समजेना, पण आल्यासारखं दोघांनी अक्षता टाकल्या. आत्याने सुमनला कुंकू लावलं. सुमनने वाकून नमस्कार केला आणि वाकल्या वाकल्या रडली. बोळकं आत्याच्या हातात येणार, एवढ्यात सासूबाई पुढे आल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "बोळकं गेल्यावर मी हिला काय बोलू?"

प्रश्न प्रामाणिक होता. सहा वर्षं घरातलं प्रत्येक भांडण त्या बोळक्यापाशी येऊन थांबायचं. ते गेलं तर भांडण कुठल्या थराला जाईल कोण जाणे. शेवटी आत्याने तोडगा काढला. बोळकं न्यायचं, पण नव्या पिकाची ज्वारी भरून एक बोळकं सासूबाईंच्या नावाने परत द्यायचं. "आन् त्ये ह्येच्यापेक्षा बारकं असंल," आत्याने वचन दिलं. सासूबाईंचं समाधान झालं.

आत्याने लिंपा तिथेच फोडला. आत राख कोरडी होती, पाला चुरा झालेला, आणि खाली लाजरी. तिने दहा दाणे ओल्या फडक्यात बांधले आणि पुरचुंडी कमरेला खोचली. अंगाच्या उबेला तीन दिवस. त्या तीन दिवसांत मी तिच्याच घरी राहिले. ती वाकायची नाही, अंगणही झाडायची नाही, भांडायचीही बसल्या जागेवरून. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने फडकं सोडलं. दहांतले तीन दाणे मोडले होते. पांढरे, इवलेसे, वाकडे मोड. मला सात मेलेले दिसले. मी हिशेबी आवाजात म्हणाले, "फक्त तीन."

"दहा मानसाच्या घरात तिगं जागी असली तरी दार उघडतंय," आत्या म्हणाली.

हस्तात तिने घरामागची एक पट्टी पेरली, एकेका खड्ड्यात चार-चार दाणे. सरपंच पश्चात्तापाने रोज फेऱ्या मारत होते, "आत्या, कायतरी काम सांगा." आत्याने त्यांना राखणीला बसवलं. सरपंच गोफण घेऊन माळ्यावर बसले, उन्हात, आणि हुरड्यापासून काढणीपर्यंत हाळ्या देत राहिले. लाजरीला पाखरं लागत नाहीत, राखणदार लागत नाही, हे आत्याने त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. कणसांनी माना खाली घातल्या तेव्हा सरपंच मला म्हणाले, "बघा ताई, एक पाखरू बसू दिलं न्हाय."

त्या वर्षापासून आत्याची पद्धत बदलली. बोळकी ती देतच होती, पण कुणाला द्यायचं ते निवडायला लागली. लग्नात ती नवरीचा स्वभाव विचारायची. नवरी गरीब स्वभावाची, सोसणारी, सगळ्यांत मिसळणारी असं कुणी कौतुकाने सांगितलं की आत्या तिला सरळ साडी द्यायची. नवरी तोंडाळ आहे, मनात ठेवणारी आहे असं कळलं की आत्या खुलायची आणि बोळकं काढायची. "चांगल्या सोभावाची बाई खाऊन टाकती, न्हायतर वाटून टाकती," ती म्हणायची. "रागीट बाई ठिवती."

आम्ही संघटनेत यावर बैठक घेतली. बियाणे जतनाची ही पद्धत पत्रकात कशी मांडावी यावर दोन तास चर्चा झाली. मांडता आली नाही. सोसायटीच्या खोलीत आता बरण्यांऐवजी मडकी आहेत, सगळ्यांत राख आहे, आणि तिथे कुठलंही बी असलं तरी त्याचा दुसरा वाटा गावाबाहेर कुणाच्या तरी घरी असतोच. एवढं मात्र मी शिकले.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी पत्रिकेवर ठळक छापलं: आहेर आणू नये. आत्या आली. पत्रिका वाचता येत नाही हे तिचं नेहमीचं कारण. तिने पदराखालून बोळकं काढून माझ्या हातात ठेवलं. मी पाहिलं तर ते सुमनच्या बोळक्याच्या निम्मं होतं. काठाचा एक टवका उडालेला. तिच्यासाठी काय नाही केलं मी. अकरा घरं, तीन दिवस, मोपेडवरची पाठीला पाठ. मी म्हणाले, "आत्या, सुमनला मोठं दिलंत."

"व्हय."

"आणि हे फुटकं आहे."

"हाय की."

"मी आहेर घेत नाही हे खरं आहे, पण द्यायचंच होतं तर..."

आत्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पहिल्यांदाच मांडवात हसली. "टिकतंय आता," म्हणाली आणि जेवायला गेली.

दुपारच्या एसटीने ती निघाली. ड्रायव्हरच्या पाठीमागचं उलट्या तोंडाचं बाक तिने एका माणसाला उठवून मिळवलं. गाडी पुढे चालली होती आणि ती मागे बघत होती. भरल्या गाडीतल्या सगळ्या डोक्यांवरून, मागच्या काचेतून, वळणापर्यंत. ते शेवटचं. उन्हाळ्यात ती गेली. अंत्यविधीला दोन तालुक्यांतल्या इतक्या रुसलेल्या बायका आल्या होत्या की वाडीवर उभं राहायला जागा नव्हती, आणि प्रत्येकीची तक्रार होती की दुसरीला मोठं बोळकं मिळालं.

माझ्या बोळक्याचा लिंपा मी दर दोन वर्षांनी हस्तात फोडते, ज्वारी भावाच्या रानात पेरते आणि नव्या दाण्यांनी ते परत भरते. गेल्या वर्षी माझ्या चुलत नणंदेचं लग्न होतं. अतिशय मानी मुलगी, नाकाच्या शेंड्यावर राग. पुकारणाऱ्याने माईक झाकला, खाली वाकून विचारलं, "वहिनी, नक्की ना?" मी मान हलवली. मांडव हसला. नवरीने बोळकं हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की ती जन्मभर विसरणार नाही.

विसरू नये म्हणूनच मी टवका उडालेलं निवडलं होतं.